नोकरी सांभाळून ट्रायथलॉन: ऑनलाइन कोचचा हंगामभराचा अनुभव (सातारा)

पुण्यातला कोच, सगळं मार्गदर्शन ऑनलाइन, महिना साडेतीन हजार रुपये, वर्षाचा करार नाही. लक्ष्य गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (एकूण ७०.३ मैलांची ट्रायथलॉन): १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. हाताशी आठवड्याला सात-आठ तास. तेवढ्यात तयारी नीट होते. नुसता प्लॅन फुकटही मिळतो; फी खरी वसूल होते ती सेशन बुडतं त्या दिवशी.

एमआयडीसीत पाळी बदलली की मंगळवारचे इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हलकं, असा आलटून-पालटून सराव) जातात. मग ते बुधवारी, बुधवारचं गुरुवारी, आणि शनिवारच्या लांब राइडला पाय जड. असं काही आठवडे चाललं की पोटरी किंवा नडगी धरतेच. या कोचचा नियम साधा आहे: आठवड्यात दोनच सेशन चुकवायची नाहीत, शनिवारची तीन तासांची राइड (उतरल्यावर लगेच २० मिनिटं धावणं) आणि एक इंटरव्हलचं. बाकी बुडलं तर सोडून द्यायचं, भरपाई करायची नाही. पाळ्या रविवारी कळवल्या की सोमवारी सकाळी ट्रेनिंगपीक्स या सरावाच्या ॲपवर नवं वेळापत्रक येतं. आठवड्याच्या मध्ये केलेला एक बदल फीमध्येच धरलेला आहे.

दर सहा आठवड्यांनी चाचण्या. पोहण्यात ४०० आणि २०० मीटर पूर्ण जोर लावून; दोन्ही वेळांतल्या फरकाचं निम्मं म्हणजे १०० मीटरचा उंबरठा वेग (बराच वेळ टिकवता येतो असा सर्वांत जोरकस वेग). ८:४० आणि ४:१० आले, तर २:१५. सायकलवर २० मिनिटांची सरासरी पॉवर (वॅटमध्ये) गुणिले ०.९५, म्हणजे सायकलचा उंबरठा. यवतेश्वर घाटाचा सलग चढ या चाचणीसाठी फार उत्तम, पॅडल थांबवावं लागत नाही.

तोच घाट धावण्याच्या बाबतीत दूरच्या कोचला फसवतो. उतारावर हृदयगती कमी दिसते, म्हणून ॲप ते सेशन हलकं मोजतं. प्रत्यक्षात मांड्यांवर एवढा मार बसतो की दोन-तीन दिवस जिना उतरणं जड जातं. सुरुवातीला इथेच गाडी अडली. घाटातल्या धावण्यानंतर दोन दिवस फक्त पोहणं, असं ठरवून घेतल्यावर प्रश्न सुटला. सातारा हिल हाफ मॅरेथॉन करणाऱ्यांनी तर ती कोचला आधीच सांगावी, कारण ती नेमकी गोव्याच्या तयारीच्या ऐन भरात येते. चढावर किमीमागची वेळ पाहण्यात अर्थ नाही. हृदयगती पाहावी, तीही छातीच्या पट्ट्याने. पावसात आणि हँडल घट्ट धरल्यावर मनगटी घड्याळ चुकीचे आकडे देतं.

गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे मुख्य तयारी भर पावसात. घरात सायकल जागच्या जागी चालवायचा ट्रेनर (यंत्र) नसेल तर कोचही फारसं काही करू शकणार नाही. ट्रेनरवर बसताना पंखा मात्र मोठा हवा. सप्टेंबरात कास फुललं की शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते, तेव्हा लांब राइड कोरेगाव-रहिमतपूर बाजूला न्यावी. गोव्याच्या उकाड्यासाठी राइडआधी आणि नंतर वजन करायला लावलं, ही या कोचची मोठी जमेची बाजू. किलोभर घट म्हणजे साधारण लिटरभर घाम. त्यात प्यायलेलं पाणी मिळवून राइडच्या तासांनी भागलं की ताशी किती प्यायचं याचा अंदाज येतो.

ऑनलाइन मार्गदर्शनाची कमजोरी पोहण्यात. महिन्यातून एकदा समोरून आणि बाजूने २५ मीटरचा व्हिडिओ पाठवायचा (तलावावर आधी परवानगी घ्या). कोपर खाली पडतंय हे त्यात दिसतं, पण दुरुस्ती तिथल्या तिथे होत नाही. पोहणं कच्चं असेल तर पहिले दोन महिने स्थानिक प्रशिक्षक वेगळा लावा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: सध्या किती खेळाडू हाताखाली आहेत, उत्तर किती तासांत मिळतं, आणि आजारपणात महिना थांबवता येतो का. शिवाय एखाद्या जुन्या खेळाडूचे सलग चार आठवडे दाखवायला सांगा. सेशनखाली कोचच्या हातची टिप्पणी नसेल, तर तोच प्लॅन सगळ्यांना चिकटवला जातोय असं समजा.