ऑपेरा की म्युझिकल? लंडनला येऊ घातलेल्या नाटकवेड्यांसाठी

दर ऑगस्टमध्ये, व्हिसाचा शिक्का पडला रे पडला की, कुणी ना कुणी ज्युनिअर विचारतो, "दादा, तिकडे आल्यावर आधी काय बघू? ऑपेरा की म्युझिकल?" विचारणारे बहुतेक एकांकिकांच्या तालमींत वाढलेले असतात. दोन्ही म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको. (इतरांसाठी: ऑपेरात बहुतेक नाटक शास्त्रीय गळ्याने गाऊनच होतं, म्युझिकल म्हणजे लोकप्रिय ढंगाच्या गाण्यांचं नाटक.) खरा प्रश्न एवढाच, की महिन्याकाठी खर्च भागवून जे चाळीसेक पौंड उरतात, ते कुठे घालायचे.

दीड वर्षात मी अकरा ऑपेरे आणि नऊ म्युझिकल्स पाहिली. आकडे बघून माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल, पण सुरुवात तशी नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत पाच म्युझिकल्स आणि शून्य ऑपेरा असा हिशेब होता. मी सांगलीचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं ते आमच्याच गावात, त्यामुळे गाणारं नाटक मला परकं वाटायचं कारण नाही, अशी माझी समजूत. ऑपेरा मात्र मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात एकदा पडद्यावर पाहिला होता, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं प्रक्षेपण. बरा वाटला, पण त्यात एवढं वेड लागण्यासारखं काय, ते कळलं नव्हतं. का कळलं नव्हतं, ते पुढे येईल.

आधी पैशांचं. ऑपेरा श्रीमंतांचा आणि म्युझिकल सामान्यांचं, हा समज विद्यार्थ्यापुरता तरी खोटा आहे. वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागात, बऱ्याच प्रयोगांची 'रश' तिकिटं त्याच दिवशी सकाळी दहाला फोनवर सुटतात. माझ्या वेळी पंचवीस-तीस पौंडांत मिळायची, कधी कधी चक्क पुढच्या रांगेतली. 'हॅमिल्टन' या म्युझिकलची दहा पौंडांची सोडत असते. मी सोळा वेळा नाव घातलं, एकदाही लागलं नाही. आमच्या फ्लॅटमधल्या एकाला तिसऱ्याच खेपेला लागलं आणि तो मध्यंतरापर्यंत फोनवर ऑफिसचे मेल बघत होता. असो. कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला पुढच्या आठवड्याची राखून ठेवलेली काही तिकिटं शुक्रवारी दुपारी एकला सुटतात, १६ ते २५ वयाच्यांसाठी स्वस्त तिकिटांची वेगळी योजना आहे, आणि शिवाय उभ्याच्या जागा आहेत. उभ्याचं तिकीट मला वेस्ट एंडच्या रश तिकिटाच्या जवळपास निम्म्यात पडायचं. इंग्लिश नॅशनल ऑपेरा तर २१ वर्षांखालच्यांना फुकट तिकीट देतो. मास्टर्सला येणाऱ्यांचं ते वय विमानात बसायच्या आधीच उलटलेलं असतं, पण त्यापुढच्या तरुणांनाही सवलत असते. म्हणजे पैशांवरून निवड होत नाही.

आणि हो, सूट लागत नाही. जीन्सवर कुणी वळूनही बघत नाही.

आता माझी निवड ज्या एका गोष्टीने झाली, ती सांगतो. अनेकांना ती खटकतच नाही. तुम्हाला नाही खटकली तर पुढचं सगळं सोडून द्या आणि खुशाल म्युझिकल्स बघा.

नोव्हेंबरातली गोष्ट. थिएटरचं नाव घेत नाही, कारण काम चोख होतं आणि नट उत्तम होते. माझी जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर, मागून दुसऱ्या रांगेत. ही जुनी थिएटरं म्हणजे उभ्या विहिरीसारखी, वरून खाली वाकून बघायचं. रंगमंचावर तिघीजणी होत्या. एक गायला लागली. कोण? डावीकडची निळ्या शालीतली, की जिन्यावर उभी होती ती? आवाज तर माझ्या उजव्या कानाशी, छताला टांगलेल्या काळ्या पेटीतून येत होता. मी चक्क ओठ शोधत बसलो. जिन्यावरचीचे हलताना दिसेपर्यंत पहिलं कडवं संपलं होतं.

सवयीने जाईल, असं वाटलं. गेलं नाही. उलट एकदा लक्षात आल्यावर प्रत्येक ठिकाणी तेच ऐकू यायला लागलं. नायिका पुटपुटली तरी आवाज तेवढाच, रडत कोपऱ्यात गेली तरी तेवढाच. पुढच्या रांगेत बसलो तेव्हा दुर्बिणीशिवाय माइकही दिसला. कपाळावर, केस सुरू होतात तिथे, टोपाखालून डोकावणारा मुगाच्या दाण्याएवढा. एका प्रयोगात दोघांची गळाभेट झाली, कपाळं टेकली आणि सबंध थिएटरात 'खर्रर्र' झालं. शोकप्रसंग होता. लोक हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. आठवड्याला आठ प्रयोग, त्यातले दोन दिवस दुपारचाही खेळ, आणि साथीला ड्रम्स नि गिटार. माइकशिवाय असं गाणाऱ्याचा गळा महिनाभरात बसेल. ऑपेरात मुख्य गायकाला दोन प्रयोगांमध्ये दोन-तीन दिवस मोकळे मिळतात, कारण त्याला उघड्या गळ्याने गायचं असतं. पण माइक एकदा आला की मागोमाग बाकीचंही येतं. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसणारे वादक कमी करून त्यांची जागा कीबोर्डने भरता येते. फँटम ऑफ द ऑपेरा (नावात ऑपेरा, पण आहे म्युझिकल) करोनानंतर २०२१ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा २७ वादकांचे १४ झाले होते. सगळं स्पीकरमधूनच यायचं, तर कितीजण वाजवताहेत हे ऐकणाऱ्याला कुठे कळतंय, असा त्यामागे हिशेब असावा. मला ते कळलं असतं अशी फुशारकी मी मारणार नाही.

ख्रिसमसच्या सुट्टीच्या आधी वर्गातल्या एका इटालियन मुलीने ला बोएमचं जास्तीचं तिकीट गळ्यात मारलं. उभ्याचं. पुच्चिनीचा १८९६चा ऑपेरा, गरीब कलाकार, थंडी, क्षय. गोष्ट चार ओळींची. मिमी मेणबत्ती पेटवून घ्यायला शेजाऱ्याकडे येते, अंधारात दोघांचे हात लागतात, आणि प्रेम जमतं. इतक्या झटपट आपल्या मालिकांतही जमत नाही. मी कठड्याला रेलून उभा, डोक्यात उद्याची असाइनमेंट. आणि गाता गाता ती बाई पाठमोरी झाली, दोन पावलं खिडकीकडे गेली. आवाज बदलला. त्यावर कुणी शाल टाकावी तसा मऊ झाला. ती वळली आणि तो परत उघडा झाला.

एवढंच. पण मी रेललेला सरळ झालो. नोव्हेंबरपासून जे खटकत होतं त्याचा उलगडा त्या दोन पावलांत झाला. इथे आवाज माणसातून येत होता. डोळे मिटले असते तरी ती कुठे उभी आहे हे बोटाने दाखवता आलं असतं. एनसीपीएत वेड का लागलं नाही, तेही तेव्हाच समजलं. तिथेही आवाज स्पीकरमधूनच येत होता.

घरी येऊन वाचलं, तेव्हा त्यामागचं शास्त्र कळलं. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि पुढे उतरत जातो. तयार गायक, विशेषतः पुरुष, गळा असा लावतो की ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला एक धार येते. त्या पट्टीत वाद्यं दुबळी असतात आणि आपला कान तिखट असतो, म्हणून साठ-सत्तर वाद्यांवरून एक गळा दोन हजार माणसांपर्यंत पोचतो. आपल्याकडे १८८० च्या 'शाकुंतल'पासून पुढची कितीतरी वर्षं नट असेच, माइकशिवाय गात होते. त्या गाण्याच्या तबकड्या मी आजोबांकडे ऐकल्यात, खरखरीसकट. ते नाटकगृहात कसं ऐकू येत असेल, याचा थोडासा अंदाज मला सांगलीत नाही, कॉव्हेंट गार्डनमध्ये आला, हे जरा गमतीचंच.

आता ऑपेराची दुखणी. ती कमी नाहीत.

भाषा इटालियन, जर्मन, कधी चेक. वर पट्टीवर इंग्रजी मजकूर येतो. ही युक्ती १९८३ मध्ये टोरांटोत निघाली आणि सगळीकडे पसरली. तिच्याशिवाय मी दुसऱ्या ऑपेराला गेलोच नसतो. पण मान सतत वर-खाली होते, आणि वाचायच्या नादात गाणाऱ्याचा चेहरा निसटतो. मी आता सकाळीच बसमध्ये गोष्ट वाचून जातो आणि पट्टीकडे फक्त अडलं तरच बघतो. इंग्लिश नॅशनल ऑपेरात जवळपास सगळं इंग्रजीत गातात आणि तरी वर इंग्रजीच पट्टी असते. पहिल्यांदा हसलो. मग एका सोप्रानोने, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकेने, वरच्या सुरात एक ओळ म्हटली, तिच्यातला एक शब्द कळला नाही, आणि मान आपोआप वर गेली. शब्दांच्या बाबतीत म्युझिकल सरळ सरळ पुढे आहे. तिथे विनोद विनोदाच्या जागी कळतो आणि माणसं खरंच अभिनय करतात. ऑपेरात कधी कधी पन्नाशीचा भारदस्त गृहस्थ विशीतला उपाशी कवी असतो, आणि ते आपण चालवून घ्यायचं.

लांबीचं विचारूच नका. वॅग्नरची 'वाल्क्युरं' मी उभ्याने पाहिली, मध्यंतरं धरून पाचेक तास. दुसऱ्या अंकात एक देव दुसऱ्या कुणाला तरी आजवरचं सगळं समजावून सांगत असतो, बराच वेळ. मी उभ्या उभ्या पेंगलो. एसटीत दांड्याला धरून पेंगायची सवय अशी कामाला आली.

प्रेक्षकांचंही एक आहे. म्युझिकलला शेजारची मावशी चिप्स फोडते, कोरस आला की स्वतः गाते, आणि शेवटी सगळं थिएटर उभं राहतं, दर प्रयोगाला, न चुकता. ऑपेरात मी जॅकेटची चेन अर्धी ओढली तर पुढच्या म्हाताऱ्याने अशी मान वळवली की पुढचा अंक मी उकाड्यात काढला. पण त्याच म्हाताऱ्याने मध्यंतरात मला विचारलं, मुख्य भूमिकांत गायकांची दुसरी जोडी आहे, तिचं गाणं गुरुवारी ऐकलंस का? तो त्याच ऑपेराला तिसऱ्यांदा आला होता. ही जात मला ओळखीची वाटली. आमच्याकडे एकाच नाटकाला 'आज पद कसं लागतंय बघू' म्हणून जाणारे असायचे.

आई-बाबा एप्रिलमध्ये आले, तेव्हा त्यांना ऑपेराला नेलं नाही. ले मिझराबला नेलं. १९८५ पासून लंडनमध्ये चालू आहे, उगाच नाही. आई दुसऱ्या अंकात रडली, बाबा बाहेर आल्यावर म्हणाले, "झकास. आवाज जरा मोठा ठेवलाय." ते हे लग्नाच्या हॉलमध्येही म्हणतात, त्यामुळे मी पुरावा म्हणून सांगत नाही. पाहुणे असतील, पहिलीच वेळ असेल, सोबत कुणी असेल जिला किंवा ज्याला कंटाळा आलेला तुम्हाला परवडणार नाही, तर म्युझिकलच. त्यात मला शंका नाही.

एकट्याने जाणार असाल तर मात्र माझं ऐका, निदान एकदा. म्युझिकल वाट बघतं, तेच नट आठवड्याला आठ वेळा तिथेच असतात, परीक्षा संपल्यावर गेलात तरी चालतं. ऑपेराची एकेक निर्मिती बऱ्याचदा सात-आठ प्रयोगांत आटपते आणि मग कधी परत येईल सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच टर्ममध्ये पुच्चिनी किंवा व्हर्डीचा एखादा ऑपेरा गाठा, वॅग्नर नको. उभ्याच्या जागेला नंबर असतात, त्यामुळे व्हिएन्नात पूर्वी करायचे तसं कठड्याला स्कार्फ बांधून, म्हणजे आपल्या भाषेत खिडकीतून रुमाल टाकून, जागा धरावी लागत नाही. कडेच्या बाकांची तिकिटंही चालतील. तिथून रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो, पण आवाज पूर्ण येतो, आणि आपण त्यासाठीच गेलेलो असतो.

जाड तळव्याचे बूट घाला. मध्यंतरासाठी खिशात एक केळं ठेवा, आतली सँडविचं आपल्यासाठी नाहीत. आणि कोट खाली क्लोकरूममध्ये देऊन या. तो हातावर घेऊन चार अंक निघत नाहीत, आणि चेनचं मी सांगितलंच आहे.