इंग्लंडमधले नर्सरीचे ३० सरकारी तास: सप्टेंबरपासूनचा अनुभव

आमची लेक सप्टेंबर २०२५ पासून रेडिंगमधल्या एका खासगी नर्सरीत जाते. सोमवार ते बुधवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, म्हणजे आठवड्याचे ३० तास. सरकार नोकरदार पालकांच्या मुलांना ३० तास मोफत देतं, आम्ही ३० तासच वापरतो, तरी महिन्याला आमचे ३१० पौंड जातात. हे कसं, असं ओळखीच्या मराठी घरांतून सारखं विचारलं जातं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

हे ३० तास वर्षाच्या ३८ आठवड्यांपुरते असतात, शाळांची सत्रं चालू असतात तेवढेच. ३० गुणिले ३८, म्हणजे वर्षाला ११४० तास. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरच आहे. आमची नर्सरी वर्षाला ५१ आठवडे उघडी असते आणि हे ११४० तास त्या सगळ्या आठवड्यांत पसरवते. आठवड्याला वाट्याला येतात जेमतेम २२.३५ तास. वरच्या तासांचे पैसे आपण द्यायचे. आम्ही वर्षाला १५३० तास वापरतो, त्यातले ३९० आमच्या खिशातून. तासाला ८ पौंड धरून ३१२०, म्हणजे महिन्याला २६०. त्यावर जेवण, खाऊ, डायपर, वाइप्स यांचे दिवसाला १० पौंड, महिन्याला सरासरी १२७.५०. एकूण ३८७.५०.

हे बिल आम्ही टॅक्स-फ्री चाइल्डकेअरच्या खात्यातून भरतो. त्या खात्यात आपण ८ पौंड टाकले की सरकार २ घालतं, दर तीन महिन्यांना एका मुलामागे ५०० पौंडांपर्यंत. दोन्ही योजना एकत्र चालतात, हे अनेकांना माहीतच नसतं. म्हणून ३८७.५० चे आम्हाला ३१० पडतात. सरकारी तास नसते तर नुसती फी महिन्याला १०२० झाली असती. त्या हिशेबाने मी नोकरीवर परत गेले असते का, याची मला शंका आहे. तेव्हा योजना चांगलीच आहे, हे आधी स्पष्ट सांगते.

तास पसरवून घ्यावेत की फक्त सत्रात घ्यावेत? वर्षभर मूल तिथे ठेवायचं असेल तर एकूण खर्चात फरक पडत नाही. सत्रात तीन दिवस पूर्ण सरकारी, पण सुट्टीच्या १३ आठवड्यांत पूर्ण फी, आणि बेरीज पुन्हा ३१२० च. फरक एवढाच की ऑगस्टचं बिल अंगावर येतं. तुम्ही स्वतः शाळेत नोकरीला असाल आणि सुट्टीत मूल घरी राहणार असेल, तर मात्र सत्रापुरतेच तास घ्या. भारतातून आजी-आजोबा उन्हाळ्यात येणार असतील तरीही हा विचार करण्यासारखा आहे. काही नर्सऱ्या हा पर्याय देतच नाहीत, म्हणून नाव नोंदवण्याआधीच विचारा.

माझा खरा राग आहे तो त्या दिवसाच्या १० पौंडांवर. सुरुवातीच्या बिलात ‘अतिरिक्त सेवा’ अशी एकच ओळ असायची आणि समोर १२७.५०. त्यात काय काय आहे ते विचारलं तर ‘सगळ्यांना सारखंच आहे’ एवढंच उत्तर. नियम असा आहे की सरकारी तासांवर नर्सरीला जास्तीची फी लावता येत नाही. जेवण, डायपर, सनक्रीम, सहली यांचे पैसे मागता येतात, पण ते ऐच्छिक हवेत, प्रवेशाची अट म्हणून नाहीत. मी हे शांतपणे ईमेलवर लिहून विचारलं. उत्तर यायला वेळ लागला, पण डायपर आणि वाइप्स घरून आणायची परवानगी मिळाली. आता दिवसाला २ पौंड वाचतात; वरचा ३१० चा हिशेब त्याआधीचा आहे. डबा द्यायचा विचार होता, पण ती तिथे इतर मुलांबरोबर बसून पास्ता आणि वाटाणे पोटभर खाते, म्हणून जेवण तसंच ठेवलं. जानेवारी २०२६ पासून बिलात सरकारी तास, खासगी तास, जेवण, वस्तू आणि उपक्रम वेगवेगळे दाखवणं अपेक्षित आहे. आमचं बिल आता तसं येतं. तुमचं येत नसेल तर मागा, आणि नर्सरी ऐकत नसेल तर स्थानिक कौन्सिलकडे जा.

तारखांचं गणित निर्दय आहे. मूल नऊ महिन्यांचं झाल्यानंतर येणाऱ्या १ जानेवारी, १ एप्रिल किंवा १ सप्टेंबरपासून तास लागू होतात. माझी लेक ऑगस्टमध्ये नऊ महिन्यांची झाली, तिला सप्टेंबर मिळाला. मैत्रिणीचा मुलगा तिच्याहून थोड्याच आठवड्यांनी लहान, तो थेट जानेवारीत. तोवर तिने पूर्ण फी भरली. सप्टेंबरसाठी पात्रतेचा ११ आकडी सरकारी कोड ३१ ऑगस्टपर्यंत हातात हवा. मॅटर्निटी लीव्हवर असाल तर सप्टेंबर संपायच्या आत कामावर रुजू व्हावं लागतं. आणि कोड एकदा मिळाला की झालं असं नाही, दर तीन महिन्यांनी खात्यात जाऊन माहिती पुन्हा खरी असल्याचं कळवायचं. मी फोनवर आठवण लावली आहे, नवऱ्याच्याही.

आता व्हिसा. स्किल्ड वर्कर व्हिसावर सहसा ‘सरकारी निधीचा लाभ नाही’ अशी अट असते. दोघेही त्याच अटीवर असाल तर नोकरदार पालकांचे हे ३० तास मिळत नाहीत, कर कितीही भरत असा. दोघांपैकी एकाकडे आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा ब्रिटिश नागरिकत्व असलं तरी चालतं. मूल तीन वर्षांचं झाल्यावरचे १५ तास मात्र व्हिसा कुठलाही असो, सगळ्यांना मिळतात. नव्याने आलेल्या जोडप्यांना हे नोकरी स्वीकारण्याआधीच कळायला हवं, कारण पगाराचा आकडा बघून घर ठरतं आणि नर्सरीची फी नंतर समोर येते. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

पगाराची वरची मर्यादा माणशी १,००,००० पौंड आहे. दोघांचे ९९-९९ हजार असतील तर सगळं मिळतं. एकाचे १,०१,००० आणि दुसऱ्याचे २५,००० असतील तर ३० तासही नाहीत आणि टॅक्स-फ्रीही नाही. बोनस मिळणार असेल तर पेन्शनमध्ये जास्त भरून मर्यादेच्या आत राहता येतं का, ते आधी बघा.

नर्सरीची बाजूही मला थोडी समजली आहे. २०२५-२६ मध्ये सरकार कौन्सिलना दोन वर्षांखालच्या मुलामागे सरासरी तासाला ११.५४ पौंड देत होतं, दोन वर्षांच्या मुलामागे ८.५३ आणि तीन-चार वर्षांच्या मुलामागे ६.१२. लहान बाळांना तिघांमागे एक बाई लागते, मोठ्यांना आठांमागे एक, म्हणून दर उतरता आहे. पण भाडं, वीज, पगार उतरत नाहीत, आणि मग तो ताण जेवणाच्या आणि ‘अतिरिक्त’च्या ओळीत येतो. नोव्हेंबरमध्ये लेक दोन वर्षांची होईल. खोली बदलल्यावर दिवसाचे जास्तीचे पैसे किती आणि खासगी तासाचा दर किती, हे मी नर्सरीकडून आत्ताच लेखी मागितलं आहे.

हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडमध्ये तीन-चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला ११४० तास मिळतात, पालकांच्या नोकरीचा त्याच्याशी संबंध नाही. वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या योजना पुन्हा वेगळ्या आहेत.