घड्याळ हाताने पुढे करावे की वेळक्षेत्राचे नियम अद्ययावत करावेत?
अमेरिकेत २००५च्या ऊर्जा धोरण कायद्यामुळे २००७पासून उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरते घड्याळ तासभर पुढे ठेवण्याची पद्धत) एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे त्या वर्षी ११ मार्चला, सुरू झाली आणि जुनाच नियम साठवलेल्या जुन्या संगणकांपुढे दोन मार्ग उरले. घड्याळ हाताने तासभर पुढे करणे सोपे खरे. पण संगणक आतून जागतिक प्रमाणवेळेवर चालत असल्यामुळे पडद्यावरची वेळ बरोबर दिसली तरी ईमेलवरची वेळ तासाने चुकते, शिवाय एप्रिलमध्ये जुना नियम तेच घड्याळ आणखी एक तास पुढे ढकलतो. नियम अद्ययावत केल्यास हे टळते. मात्र मधल्या तीन आठवड्यांतल्या, आधीच नोंदवलेल्या बैठका कॅलेंडरमध्ये तासभर उशिरा दिसू लागतात आणि त्या वेगळ्या दुरुस्त कराव्या लागतात (न्यूयॉर्कशी बोलणाऱ्या पुणेकरांनीही त्या तपासलेल्या बऱ्या). तरीही, नेटवर्कला न जोडलेला एखादा संगणक सोडल्यास, नियम अद्ययावत करण्याचाच मार्ग योग्य वाटतो.