म्हापशातली खानावळ आणि एक 'बोब'

साताऱ्याहून बदली होऊन गोव्यात आले त्याला दोन महिने झाले. शुक्रवारच्या बाजारानंतर म्हापशातल्या एका लहानशा खानावळीत जेवलो. ताट ठेवत मालकीणबाई म्हणाल्या, "कितेंय जाय जाल्यार बोब मार." म्हणजे कोकणीत, काही हवं असेल तर 'बोब' मार. मी दचकलेच! आपली बोंब म्हणजे होळीची, तोंडावर पालथा हात ठेवून मारायची; नाहीतर पाण्याची. सोबतच्या पेडण्याच्या ताईंनी सांगितलं, अगं, इथे बोब मारणं म्हणजे नुसतं मोठ्याने हाक मारणं. मग मीही मारली, बाई लगेच कढी घेऊन हजर. बांगडा रव्यात खरपूस तळलेला, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर (ओलं खोबरं घातलेली कोशिंबीर) तर बोटांनी पुसून खाल्ली. भात मात्र गारढोण. एकच्या आत जा, नंतर बांगड्याची बोंब असते.