फिजीची कावा पावडर: नेरुळच्या घरात करून प्यायलो, कशी वाटली ते आणि सगळ्यांच्या प्रश्नांची उत्तरं

आधी निकाल सांगते, पावडर एकदम चांगली आहे, पुन्हा मागवणार. पण ही सगळ्यांनी घ्यायची गोष्ट नाही, आणि कावाच्या नावाने ऑनलाइन मिळणारं काहीही उचलून तोंडात टाकायचं तर अजिबातच नाही.

माझे दीर मर्चंट नेव्हीत आहेत, ह्या खेपेला त्यांचं जहाज फिजीला, सुवाला लागलं होतं. तिथल्या म्युनिसिपल मार्केटात कावाचे स्टॉल असतात, तिथून त्यांनी पाकीट आणलं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लगेच विचारणा सुरू झाली, चढतं का, दारू आहे का, झोपेचं औषध आहे का, लिव्हर खराब होतं म्हणे. एकेकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच सगळं लिहिते.

कावा म्हणजे एका झुडपाचं मूळ. काळी मिरी, पिंपळी, विड्याचं पान ह्यांच्याच कुळातलं झाड, पॅसिफिकमधल्या बेटांवर होतं, फिजी, वानुआतू, टोंगा, सामोआ, हवाई वगैरे. मूळ वाळवून कुटायचं आणि पाण्यात मळून प्यायचं, एवढंच. आंबवणं नाही, त्यामुळे दारू नाही. परिणाम होतो तो मुळातल्या कावालॅक्टोन नावाच्या घटकांमुळे. फिजीतले गिरमिटियांचे, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे, नातू-पणतूसुद्धा संध्याकाळी हे घेऊन बसतात, तिकडे ते ग्रॉग म्हणतात. आपली माणसं 1879 पासून तिकडे ऊसमळ्यांवर नेली होती ना, ती तिथलीच झाली आणि हेही त्यांच्या घरात आलं.

आता पाकीट. मला सगळ्यात जास्त आवडलं ते ह्याचं लेबल. जात नोबल, भाग फक्त मूळ, त्यातही वाका, बेट कांडावू, सगळं स्पष्ट छापलंय. वाका म्हणजे बाजूला फुटलेली बारीक मुळं, ती कडक असतात, आणि लावेना म्हणजे बुंध्याजवळचा जाड भाग, तो सौम्य. पहिल्यांदा घेणाऱ्याने लावेना मागावी असं मला वाटतं. नोबल का बघायचं, तर टूडे नावाची दुसरी जात आहे, तिची सुस्ती आणि मळमळ दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. वानुआतूने 2002 मध्ये कायदाच केला, निर्यात नोबलचीच करायची म्हणून.

करायची पद्धत सोपी आहे पण हात दुखतात. चौघांसाठी मी चार टेबलस्पून पावडर घेतली, श्रीखंडाचा चक्का टांगतो त्या मलमलच्या फडक्यात बांधली, पातेल्यात अर्धा लिटर साधं पाणी घेतलं आणि पुरचुंडी त्यात बुडवून दहा मिनिटं मळत पिळत राहिले. पाणी गरम नको, उकळायचं तर मुळीच नाही, चहा नाहीये हा. हळूहळू पाणी मातकट राखाडी होतं आणि वर थोडा फेस येतो. फडकं शेवटी घट्ट पिळा, चोथा पोटात गेला तर पोट बिघडतं. पावडर बारीक दळलेली होती, कचकच अजिबात लागली नाही, ह्याला पैकीच्या पैकी.

चव... खरं सांगायचं तर चवीसाठी कोणी पिणार नाही. मातीचा वास, कडवट, थोडं मिरमिरणारं, आणि मिनिटभरात जीभ आणि ओठ बधिर होतात, बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ चुकून दाताखाली आलं की होतं ना अगदी तसं. घाबरू नका, थोड्या वेळाने जातं. तिकडे करवंटीतून देतात, आधी एक टाळी, मग एका दमात सगळं संपवायचं, मग तीन टाळ्या. दिरांनी आम्हालाही तसंच करायला लावलं आणि एका दमातच बरं पडतं, घोट घोट घेत बसलात तर संपवणार नाही. नंतर सफरचंदाची फोड किंवा केळं खा.

चढतं का? दारूसारखं नाही. वीसेक मिनिटांनी खांदे सैल झाले, दिवसभर आवळलेला जबडा सुटला, डोकं मात्र जागेवर. ऑफिसहून आलं की माझा नवरा फोन खाली ठेवत नाही, तो त्या संध्याकाळी नुसता गप्पा मारत बसला, आवाजही खालच्या पट्टीत. मला हेच फार मोलाचं वाटलं. त्या रात्री झोपही शांत लागली. पोट रिकामं असेल तर लवकर जाणवतं, म्हणून आम्ही जेवणाआधी घेतलं आणि नंतर हलकं जेवलो. जास्त घेतलं तर मळमळतं, पाय जड होतात. तेव्हा त्यानंतर गाडी काढायची नाही, पाम बीच रोडवर तर नाहीच नाही, स्कूटरसुद्धा नाही.

आता लिव्हर. हा प्रश्न खरा आहे, उडवून लावू नका. युरोपात गोळ्या-कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये लिव्हर बिघडल्याच्या केसेस झाल्या, 2002 मध्ये जर्मनीने बंदी घातली, अमेरिकेच्या एफडीएनेही त्याच वर्षी सावधगिरीचा इशारा दिला. 2014 मध्ये जर्मन कोर्टाने ती बंदी उलटवली तरी वाद काही मिटलेला नाही. त्यातली बरीचशी प्रॉडक्ट्स अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये काढलेला अर्क होती, बेटांवर पाण्यात मळून पितात तसली नव्हती. पण पाण्यातला कावा म्हणजे शंभर टक्के सेफ असा अर्थ काढू नका, रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी कोरडी पडून खवले सुटतात हे माहीत असलेलं आहे.

म्हणून ज्यांना लिव्हरचा त्रास आहे, कावीळ होऊन गेलीये, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतायत, त्यांनी घेऊच नये. दारूबरोबर कधीच नाही. झोपेच्या, डिप्रेशनच्या, फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. माझ्या सासूबाईंना फार इच्छा होती, "मला पण दे गं थोडं" म्हणत होत्या, पण त्या झोपेची गोळी घेतात, म्हणून मी दिलं नाही, त्यांना कोकम सरबत करून दिलं आणि त्या आमच्यात बसल्या. मुलांना अर्थातच नाही.

सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी ऑनलाइन कावाच्या कॅप्सूल मागवल्या होत्या, त्या मला दाखवायला आणल्या. डबी चकचकीत, पण मूळ की पान, कुठली जात, कावालॅक्टोन किती मिलिग्रॅम, अर्क कशात काढला, एका अक्षराने काही नाही. कस्टमर केअरला विचारलं तर जाहिरातीतलीच वाक्यं परत आली. मला खूप राग आला, कारण काकू मधुमेहाच्या गोळ्या घेतात आणि डबीवर कोणी घेऊ नये ह्याची एक ओळ नव्हती. परत करायला लावल्या. पान आणि खोडाची साल ह्यात पिण्यासारखं काही नसतं, मूळच हवं, आणि तेच लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

बाहेरून आणायचा विचार असेल तर आधी कस्टमला विचारा, प्रत्येक देशाचे नियम फार वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात मोठ्या माणसाला सामानातून 4 किलोपर्यंत नेता येतं आणि ब्रिटनमध्ये खाण्यापिण्यासाठी विकायलाच बंदी आहे.

पाकीट उघडलं की हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, आपल्याकडे पावसाळ्यात बाहेर ठेवलंत तर गुठळ्या होऊन बुरशी धरेल. मळलेला कावा त्याच दिवशी संपवा. नेरुळमधल्या कोणाला चाखायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी घरी या, पण चालू असलेल्या गोळ्यांची नावं मला आधी मेसेज करा, त्याशिवाय मी देणार नाही.