कण्याचा बाक आणि वाढतं वय: फेशिया थेरपी, व्यायाम की ब्रेस?

मुलीच्या कण्याला बाजूला बाक (स्कोलिओसिस) आहे म्हटलं की घरचे 'हाताने सरळ करून देणारं' कुणी शोधू लागतात. त्याआधी दोन आकडे हवेत. एक, उभ्याने काढलेल्या पूर्ण कण्याच्या एक्स-रेवरचा कॉब कोन: बाक किती अंशांचा ते तो सांगतो. दुसरा, रिसरची पायरी, 0 ते 5: हाडांची वाढ किती उरली ते ती सांगते. निवड यावरच ठरते.

फेशिया म्हणजे स्नायूंवरचं चिवट आवरण. थेरपिस्ट एका जागी हलका दाब देऊन ते काही मिनिटं ताणून धरतात. आखडलेपण आणि पाठदुखी कमी होऊ शकते, पाठ मोकळी वाटते. पण स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही. मणके स्वतःभोवती फिरतात आणि वाढता वाढता पाचरीसारखे तिरपे होतात. आवरण सैल केल्याने हाडाची वाढ दिशा बदलत नाही. एकट्या या थेरपीने बाक थांबतो याचा भक्कम पुरावा नाही. कोन 23 चा 20 झाला तरी हुरळू नये, मोजणीतच 5 अंशांपर्यंत फरक पडतो.

श्रोथ व्यायाम जर्मनीतले. आरशासमोर, दबलेल्या बाजूच्या फासळ्यांत श्वास भरत, रोज करायचे. ते ज्याच्या त्याच्या बाकाप्रमाणे शिकावे लागतात. व्हिडिओ पाहून केले तर चुकीची बाजू ताणली जाते. 25 अंशांखाली, वाढ बाकी असताना, यांना नक्की वेळ द्यावा.

25 ते 40 अंश आणि रिसर 0 ते 2 (म्हणजे वाढ बरीच बाकी) असेल तर ब्रेसच, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस घेतलेल्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, न घेतलेल्यांत 48 टक्के. दिवसाला सरासरी 13 तासांहून जास्त वापरणाऱ्यांत यश 90 टक्क्यांच्या पुढे. घोडं अडतं ते तासांवर: उकाडा, शाळेचा गणवेश, मैत्रिणींची नजर. आत बिनशिवणीचा सुती बनियन घालावा. काढल्यावर अर्ध्या तासानेही लाली राहिली तर ब्रेस दुरुस्त करून घ्यावा, घालणं सोडू नये. कोन 45-50 च्या पुढे गेला की मणक्याच्या सर्जनना दाखवावं.

दुखण्यासाठी ब्रेससोबत फेशिया थेरपी खुशाल घ्या, पण ब्रेसचे तास आणि दर 4 ते 6 महिन्यांची तपासणी चुकवू नका. 'ब्रेस सोडा, मी सरळ करतो' म्हणणाऱ्या थेरपिस्टकडे पुन्हा जाऊ नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही असेल तर पाठीला हात लावू देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.