लिनक्सवर बसून विंडोजसाठी लिस्प: वाइन, ईसीएल की सरळ विंडोज?

प्रोग्राम कॉमन लिस्पमधला, काम सगळं लिनक्सवर, आणि वापरणाऱ्यांना हवी विंडोजची एक्झी फाइल. सी असतं तर मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठी बांधणारा सी कंपायलर) बसवून मोकळं होता आलं असतं. लिस्पमध्ये मात्र कंपाइल होता होताच आपला कोड चालतो. म्हणून आधी ठरवायचं ते हे: मॅक्रो (कंपाइल होताना कोड तयार करणारा कोड) कुठल्या ओएसवर उलगडणार?

एसबीसीएल, म्हणजे कॉमन लिस्पचा एक कंपायलर, दुसऱ्या ओएससाठी तुमचा प्रोग्राम बांधून देत नाही. चालू इमेज (मेमरीतलं सगळं लिस्प, जसंच्या तसं) सेव्ह-लिस्प-अँड-डाय वापरून फाइलमध्ये उतरवायची असते, म्हणजे विंडोजचंच एसबीसीएल चालायला हवं. ते वाइनखाली, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीखाली, चालतं. मॅक्सिमा या लिस्पमधल्या गणिताच्या प्रोग्रामचा विंडोज इन्स्टॉलरही लिनक्सवर, वाइनच्या मदतीने बांधता येतो. कोडला आपण विंडोजवरच आहोत असं वाटतं, त्यामुळे 'विंडोज असेल तर' अशा अटी बिनचूक लागतात. वेगही उत्तम. फाइल मात्र काही दहा एमबींची होते, ते सोसायचं.

खरा सापळा पत्त्यांचा. वाइन लिनक्सची सगळी फाइल सिस्टीम झेड ड्राइव्हवर दाखवतं. बांधणीच्या वेळी सोर्स फोल्डरचा पत्ता एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवलात, तर 'झेड:\होम\…' तसाच इमेजमध्ये गोठतो. तुमच्याकडे सगळं सुरळीत, वापरणाऱ्याकडे फाइल सापडत नाही. असले पत्ते प्रोग्राम सुरू होताना, एक्झीच्या जागेवरून काढावेत.

ईसीएल, म्हणजे कॉमन लिस्पचा दुसरा एक कंपायलर, लिस्पचं सी करतं आणि ते सी मिनजीडब्ल्यूकडे जातं. बांधणीसाठी लिनक्सवर चालणारं ईसीएलही लागतं. मोठ्या सी++ प्रोग्रामच्या पोटात लिस्प बसवायचं असेल तर मी दुसरीकडे बघणारही नाही. नुसत्या वेगासाठी मात्र एसबीसीएलच बरं. शिवाय इथे मॅक्रो लिनक्सवर उलगडतात, हे सतत डोक्यात ठेवावं लागतं.

सीएफएफआय-ग्रोव्हेल (सी लायब्ररी लिस्पला जोडताना लागणारं साधन) वापरत असाल तर ते लगेच जाणवेल. ते एक छोटा सी प्रोग्राम लिहितं, कंपाइल करतं, चालवतं आणि स्ट्रक्चरचे आकार त्याच्याकडून घेतं. ६४-बिट लिनक्सवर 'लाँग' ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा. लिनक्सची उत्तरं विंडोजच्या एक्झीत गेली की स्ट्रक्चरमधले आकडे सरकतात, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. वाइनखाली ग्रोव्हेल चालवायचं तर तिथे विंडोजचा सी कंपायलरही बसवावा लागतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ विंडोजच्या मशीनवर, सीआयमध्ये (आपोआप बांधणी करणाऱ्या व्यवस्थेत) बांधावं.

थोडक्यात माझा कल असा: शुद्ध लिस्प असेल तर एसबीसीएल आणि वाइन, ग्रोव्हेलचा पसारा असेल तर खरी विंडोज. चाचणी तर कुठल्याही वाटेने आलात तरी खऱ्या विंडोजवरच. खिडकीवाला प्रोग्राम असेल तर एसबीसीएलमध्ये इमेज उतरवताना ॲप्लिकेशन-टाइप 'जीयूआय' द्या, नाहीतर मागे काळी कन्सोल उघडते. ती गेली की एरर दिसायची जागाही जाते, तेव्हा लॉग फाइलची सोय त्याआधीच करून ठेवा.